घडीचा चाकू कुठल्या देशात बनला, याने खरंच फरक पडतो का?

कलमवाली_लांजा

नमस्कार मंडळी. इथे मी बहुतेक वेळ नुसती वाचत असते. आज अडलंय म्हणून लिहिते आहे.

लांजा तालुक्यात आमची आंबा-काजूची रोपवाटिका आहे. मिरगाचा पाऊस पडला की कोय कलमं सुरू होतात आणि श्रावण संपेपर्यंत आम्ही चौघं रोज सकाळपासून मांडवात बसून चाकू चालवत असतो. काम नाजूक. कोयीतून वर आलेलं रोप दहा-पंधरा दिवसांचं, पानं अजून तांबूस, देठ लुसलुशीत. त्याचा शेंडा उडवायचा, मधोमध चीर द्यायची, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काडीला दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची आणि ती चिरेत बसवून पट्टीने बांधायची. पाचरेचा काप एका ओढीत सपाट आला तरच साल सालीला भिडते. चाकू अडखळला आणि काप चिंधाटला, की ते कलम गेलंच.

घरात सासऱ्यांचा एक स्विस घडीचा चाकू आहे, १९८९ सालचा. दगडावर लावून लावून पातं निम्मं झिजलंय, तरी अजून दिवस काढतो. त्यावर भार नको म्हणून गेल्या वर्षी ऑनलाइन तीन नवे मागवले. पात्यावर ठळक अक्षरांत ‘जर्मन स्टील’. एकाचं टोक काजूच्या काडीत मोडलं. दुसऱ्याची धार चाळीस-पन्नास कापांत बसते. तिसरा बरा आहे, पण त्याचा खटका सैल. आठवडी बाजारातून लोहाराचा एक चाकू घेतला, त्याची धार सुरेख लागते, पण पातं जाड आहे आणि पावसात दुसऱ्या दिवशी गंज.

आता चार चाकू घ्यायचेत, एकाला तीन-चार हजारांपर्यंत घालायची तयारी आहे. बघायचं काय? देश? कंपनी? पोलादाचं नाव? माहीतगारांनी सांगावं.

डोंगरभटक्या

ताई, डोळे मिटून स्विस घ्या. माझ्या सॅकमध्ये बावीस वर्षं एकच लाल चाकू आहे. हरिश्चंद्रगडापासून हिमालयापर्यंत सगळीकडे गेलाय. कांदा चिरला, दोर कापले, एकदा स्टोव्हचा पिन काढायला स्क्रूड्रायव्हर वापरला. कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये श्वीझ परगण्यातल्या इबाख गावात कारखाना काढला आणि व्हिक्टोरिनॉक्सचे चाकू आजही त्याच गावात बनतात. आईचं नाव व्हिक्टोरिया, त्याला न गंजणाऱ्या पोलादाचा ‘इनॉक्स’ जोडला आणि १९२१ मध्ये हे नाव झालं. एका गावात, एका घराण्याने एवढी वर्षं एकच काम केलं की हात बसणारच. देशाने फरक पडतो, नक्की पडतो.

चहाबिस्किट

आमच्याकडचा स्विस चाकू गेली सहा वर्षं दुधाच्या पिशव्या फोडतोय. त्याबाबतीत त्याची बरोबरी कुणी करू शकत नाही :)

भट्टीवाले_काका

भोसरीत एकतीस वर्षं हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे जुने लोक हत्यार हातात घेतलं की पहिला प्रश्न विचारायचे, ‘पाणी कसं दिलंय?’ पोलाद कुठलं हे नंतर. आणि हा क्रम बरोबर आहे. पोलाद विकत मिळतं. कोणीही पैसे मोजावेत आणि स्वीडनची किंवा जर्मनीची पट्टी आणावी. पाणी, म्हणजे तापवून-थंड करून आणलेला कडकपणा, मात्र ज्याच्या त्याच्या भट्टीत द्यावं लागतं.

न गंजणारं पोलाद साधारण १०५० अंशांपर्यंत तापवतात, तिथे ठरावीक मिनिटं ठेवतात, मग झपाट्याने थंड करतात. या वेळी पातं काचेसारखं कडक आणि तितकंच ठिसूळ असतं. म्हणून पुन्हा दोनशे अंशांच्या आसपास तास-दोन तास शेकतात. भट्टी चाळीस-पन्नास अंश जास्त तापली किंवा माल जास्त वेळ आत राहिला, तर पोलादाचा कण फुगतो आणि टोकं मोडतात. भट्टी कमी तापली किंवा थंड करण्यात ढिलाई झाली, तर पातं मऊ राहतं आणि धार बसते. ताईंच्या एकाच मागणीतल्या तीन चाकूंपैकी एकाचं टोक मोडलं आणि दुसऱ्याची धार बसते, हे वाचल्यावर मला भट्टीचाच संशय आला.

उदाहरण देतो. अमेरिकेत बक कंपनीचा ११० नंबरचा घडीचा चाकू १९६४ पासून निघतो. त्याचं पोलाद ४२०एचसी, कार्बन अर्ध्या टक्क्याच्याही आत. कागदावर साधं. चीनमध्ये स्वस्त चाकूंना जे ८सीआर१३एमओव्ही वापरतात, त्यात कार्बन ०.८ टक्के, म्हणजे जवळजवळ दुप्पट. तरीही बकचा चाकू धारेसाठी नावाजलेला आहे, कारण पॉल बॉस या माणसाने त्यांच्या पाण्याची पद्धत घट्ट बसवून दिली. कारखाना २००५ मध्ये कॅलिफोर्नियातून आयडाहोत हलवला, तेव्हा पाणी देण्याची ती पद्धत सोबत गेली, आणि चाकूचं नाव टिकलं.

ताई, एक करा. मोडलेलं टोक असेल तर भिंगाखाली मोडीचा पृष्ठभाग बघा. मैद्यासारखा बारीक, राखाडी, मखमली दिसला तर पाणी ठीक. रव्यासारखा चमचमता दाणा दिसला तर भट्टीवाल्याने घात केलाय. ‘जर्मन स्टील’ या छापाला माझ्या लेखी काडीची किंमत नाही. कुठलं जर्मन, किती नंबरचं, ते लिहिलेलंच नसतं.

राईनकाठी

काका, तुमचा प्रतिसाद वाचून धन्य वाटलं. मी ड्युसेलडॉर्फला असते, इथून झोलिंगेन अर्ध्या तासावर. गावाच्या नावाबद्दल मात्र थोडं वेगळं मत मांडते.

‘जर्मन स्टील’ला अर्थ नाही, पण ‘झोलिंगेन’ या शब्दाला आहे, कारण त्यामागे कायदा उभा आहे. १९३८ पासून हे नाव संरक्षित आहे. धारेच्या वस्तूवर झोलिंगेन लिहायचं तर बनवण्याचे सगळे महत्त्वाचे टप्पे त्या भागातच झाले पाहिजेत. बाहेर बनवून इथे डबीत भरलेला चाकू तो शिक्का लावू शकत नाही.

वुपर नदीकाठी पाणचक्कीवर चालणाऱ्या, धार लावायच्या जुन्या कार्यशाळा आहेत, त्यांना ‘कोटन’ म्हणतात. दोन-तीन अजून बघायला मिळतात. मी पाहिलेल्या एका कोटनमध्ये म्हातारे आजोबा ओल्या दगडासमोर बसून पातं नुसतं आवाजावरून जोखत होते. पूर्वी इथे घडवणारा वेगळा, पाणी देणारा वेगळा, धार लावणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा. पोरं हीच कामं बघत मोठी व्हायची. गावाचा फरक पडतो तो असा.

@डोंगरभटक्या, एक गंमत सांगू? स्विस सैन्याने १८९० मध्ये सैनिकांसाठी घडीचा चाकू ठरवला, तेव्हा एवढा माल करू शकणारा कारखाना स्वित्झर्लंडमध्ये नव्हता. पहिली खेप झोलिंगेनहून गेली! एल्सनरांनी १८९१ पासून आपले चाकू द्यायला सुरुवात केली. म्हणजे स्विस सैनिकाचा पहिला चाकू जर्मन होता.

डोंगरभटक्या

हे माहीत नव्हतं! मान्य. पण मग माझ्याच मुद्द्याला बळ मिळतं बघा. बाहेरून चाकू येतोय हे बोचलं म्हणून एका माणसाने तो आपल्या गावातल्या कारखान्यात बनवायला घेतला आणि शंभर वर्षांत ते गाव जगाला माहीत झालं. २००८ च्या नव्या सैनिकी चाकूसाठी खुली निविदा काढावी लागली, तेव्हा काम चीनला जाईल की काय म्हणून तिथे केवढी खळबळ झाली होती. शेवटी काम इबाखलाच राहिलं.

बोरू_आणि_दौत

इतिहासाची आवड म्हणून थोडं अवांतर.

माझ्या पणजोबांच्या कारकुनी पेटीत बोरू तासायचा छोटा चाकू होता. बोटभर पातं, हस्तिदंती मूठ, पात्यावर एक चांदणी आणि एक क्रूस. ती जोसेफ रॉजर्स या शेफील्डच्या कारखान्याची खूण. हिंदुस्थानात हा माल भरपूर यायचा. इंग्रजीत घडीच्या छोट्या चाकूला ‘पेननाइफ’ म्हणतात तेही याचमुळे, पिसाची लेखणी तासायचा म्हणून.

शेफील्डच्या चाकू-कात्रीवाल्यांचा संघ १६२४ चा. प्रत्येकाची खूण तिथे नोंदलेली. एकोणिसाव्या शतकात झोलिंगेनचा स्वस्त माल शेफील्डचा छाप मारून विकला जायला लागला, तेव्हा ब्रिटिशांनी १८८७ मध्ये कायदा केला, की परदेशी मालावर देशाचं नाव हवं. ‘मेड इन जर्मनी’ हे अक्षर सुरुवातीला गिऱ्हाइकाला सावध करायला होतं! त्याआधी १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनातून आलेले जर्मनीचेच प्राध्यापक फ्रान्झ रॉयलो यांनी आपल्या देशाच्या मालाला ‘स्वस्त आणि वाईट’ म्हटलं होतं. पुढे एका पिढीत चित्र उलटलं. राईनकाठी यांच्या लाडक्या झोलिंगेनला एके काळी आजच्या चीनसारखी नावं ठेवली जात होती, हे लक्षात ठेवावं असं वाटतं.

नागदेवीवाला

बोरू यांनी माझ्या मनातलं लिहिलं. मुंबईत नागदेवीला आमचं हत्यारांचं दुकान, मी मालासाठी चीनला तीन वेळा जाऊन आलोय. ग्वांगडोंगमधलं यांगजियांग शहर म्हणजे चाकू-कात्र्यांची पेठ. एकाच रस्त्यावर डझनाच्या भावात विकायचा चाकूही बनतो आणि टायटॅनियमच्या मुठीचा, काट्यावर तोललेला, हजारो रुपयांचा चाकूही. वुई, सिविवी, कायझर ही तिथलीच नावं. सिविवीचा एक चाकू माझ्या खिशात असतो. उघडला की पातं मधोमध बसतं, कागद घालायलाही फट नाही.

तिथला कारखानदार पहिला प्रश्न विचारतो, ‘भाव काय?’ भाव सांगितला की त्या भावात बसेल तसा माल बनतो. पाण्याचा आकडा लिहून द्या, प्रत्येक खेपेतले चाकू तपासा, नापास माल परत करा, तो उत्तम करून देतो. नुसतं ‘जर्मन स्टील छापून दे’ म्हणालात तर तेवढंच छापून देतो. दोष त्या शहराचा कमी आणि इथून फोन करणाऱ्याचा जास्त.

अमेरिकेच्या स्पायडरकोचं मला आवडतं. चाकू कोलोरॅडोत, जपानच्या सेकीत, तैवानच्या ताइचुंगमध्ये, इटलीतल्या मानियागोत, चीनमध्येही बनवून घेतात आणि गावाचं नाव चक्क पात्यावर कोरतात. लपवाछपवी नाही. शौकीन लोक त्यांच्या तैवानच्या मालाची सफाई सर्वांत वरची मानतात, अमेरिकेच्याही वर.

म्हसवडकर

मान्य नाही. भाव पाडून पाडूनच गावं मेली ना? न्यूयॉर्क राज्यातल्या एलेनव्हिलमध्ये श्रेड कंपनीचे चाकू बनायचे, आमच्या मामांनी अमेरिकेहून आणलेला अजून आहे. २००४ मध्ये कारखान्याला टाळं लागलं, नाव विकलं गेलं, आणि आता तेच नाव चीनच्या मालावर येतं. नाव तेच, खूण तीच, पण घडवणारे हात गेले. घेणाऱ्याला वाटतं मामांचाच चाकू घेतोय. याला मी फसवणूकच म्हणेन.

राईनकाठी

@म्हसवडकर, म्हणून शिक्का नीट वाचायला शिकावं. इथल्या ब्योकरचंच घ्या. झाडाची खूण आणि ‘झोलिंगेन’ लिहिलेला चाकू इथे बनतो. ‘ब्योकर प्लस’ आणि ‘मॅग्नम’ हा बहुतेक आशियात बनवून घेतलेला माल. दोन्ही उघडपणे विकतात, त्यात खोटं काही नाही. फक्त पहिल्याचा भाव ऐकून दुसरा घेऊ नये.

पुण्याची_मधुरा

पॅरिसहून भावासाठी मुठीवर मधमाशी असलेला ‘लागिओल’ चाकू आणला होता. केवढा आनंद! दोन महिन्यांत मुठीचं लाकूड आणि पितळ यांत फट पडली. मग चौकशी केल्यावर कळलं, की लागिओल हे आव्हेरॉनमधल्या एका खेड्याचं नाव, पण चाकूचा तो आकार कुणीही कुठेही बनवतो. फ्रान्समधले बरेचसे खरे चाकू तिएर गावात होतात, आणि आशियातून आलेल्या मालावरही हेच नाव असतं. खेडं कोर्टात भांडलं, २०१२ मध्ये निकाल विरुद्ध गेला तेव्हा गावकऱ्यांनी निषेध म्हणून वेशीवरची गावाच्या नावाची पाटीच उतरवली. तेव्हा स्वतःचं नाव स्वतःला वापरायची चोरी झाली होती. वाचून फार वाईट वाटलं.

तिएरबद्दल एक गोष्ट मनात राहिली. तिथले धार लावणारे पूर्वी नदीवरच्या थंडगार खोल्यांत फळीवर पालथे झोपून दगडावर पातं धरायचे, आणि ऊब म्हणून पायांवर कुत्रा बसवायचे.

चहाबिस्किट

कुत्र्याची नोकरी सर्वांत चांगली.

विमानतळी

एक सूचना. मुंबई विमानतळावर हातातल्या पिशवीत विसरलेला घडीचा चाकू मी गमावला आहे, तोही वडिलांचा. कुठल्याही देशाचा असो, चेक-इन सामानात टाका.

पेणचा_मोरू

एवढे देश फिरलात, आपल्या रामपूरचं काय?

भट्टीवाले_काका

रामपुरी कारागिरी अव्वल होती. खटक्याच्या त्या कमानीत ताण आणि लवचीकपणा यांचा मेळ साधणं सोपं नाही. पण सिनेमाने त्याला गुंडाच्या हातात दिलं, आणि नव्वदच्या दशकात उत्तर प्रदेशात साडेचार इंचांहून लांब पात्यावर बंदी आली. धंदा बसला, पोरं दुसरीकडे गेली. २०२३ मध्ये तिथल्या चौकात वीस फुटांचा चाकू उभारला. त्या पैशात दोन भट्ट्या आणि चार शिकाऊ मुलांचा पगार निघाला असता तर मला जास्त आनंद झाला असता.

शिकलगारांचा_नातू

काकांचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही. आम्ही शिकलगार. आजोबा सायकलच्या चाकावर दगड बसवून सांगली ते कोल्हापूर गावोगाव फिरायचे. मी आता मिरजेत कात्र्या आणि शेतीची हत्यारं पाजवतो.

लोक चांगला चाकू आणतात आणि इथेच बिघडवतात. परवा एका द्राक्ष बागायतदाराने स्विस चाकू आणला, म्हणे ‘कंपनी बिघडली, धार राहत नाही’. पातं उन्हात धरलं, तर कडेला निळसर पट्टा. कुणीतरी कोरड्या ग्राइंडरवर दाबून धरला होता. निळा रंग आला म्हणजे पातं भलतंच तापलं आणि धारेचं पाणी उतरलं. मी तो निळा भाग ओल्या दगडावर पूर्ण घासून काढला, जवळजवळ दीड मिलिमीटर पातं गेलं, आणि धार पुन्हा उभी राहिली. कारखान्याने सात समुद्रांपलीकडे दिलेलं पाणी आपण दहा सेकंदांत घालवू शकतो.

ताई, तुमचं काम वेगळं आहे. खिशातल्या साध्या चाकूला दोन्ही बाजूंनी उतार असतो. कलमाच्या चाकूला एकच बाजू उतरती हवी, दुसरी तळहातासारखी सपाट. सपाट बाजू काडीला टेकली की काप आपोआप सरळ येतो. उतार दोन्हीकडे असेल तर पातं काडीत शिरताना वळतं आणि कापाला पोट येतं. देश ठरवण्याआधी हे बघा. सपाट बाजूला कधीही तिरका दगड लावू नका, फक्त शेवटी पूर्ण आडवी ठेवून दोनदा फिरवा, म्हणजे धारेवर वळून राहिलेला बारीक काठ निघून जातो.

आणि चाकू घेताना खिशात जुनी बारीक कानस ठेवा. पात्याच्या मुळाशी, जिथे धार नसते, तिथे हलकेच ओढा. कानस घसरली तर पातं कडक, चावली तर मऊ.

कलमवाली_लांजा

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, काय बोलू.

काका, मुलीच्या शाळेच्या भिंगातून मोडलेलं टोक पाहिलं. रवा! चक्क रव्याचे दाणे, चमचम करणारे. सासऱ्यांनी तर नुसत्या डोळ्यांनी ओळखलं. दादा, तुमचंही तपासलं. सासऱ्यांचा जुना चाकू खरंच एका बाजूने सपाट आहे, आणि मी मागवलेले तिन्ही दोन्हीकडून उतरते. एवढी वर्षं चाकू हातात आहे आणि हे कधी बघितलंच नव्हतं.

आता दोन अडचणी. माझी पुतणी डावखुरी आहे, तिच्या हाती एका बाजूची धार उलटी पडेल ना? आणि आंब्याच्या चिकाने लोहाराचा चाकू काळा पडतो, तो वाया गेला का?

शिकलगारांचा_नातू

डावखुऱ्या माणसाला उलट बाजूचाच लागतो, उजव्या हाताचा देऊ नका, बोटं कापून घेईल. काळेपणाला घाबरू नका. साध्या कार्बन पोलादाला आंब्याच्या चिकाने डाग पडतोच, तो गंज नव्हे. तांबडा दिसला तर गंज. दर शे-दीडशे कापांनी स्पिरिटचा बोळा फिरवा, चीकही जातो आणि रोगही एका रोपावरून दुसऱ्यावर जात नाही. संध्याकाळी कोरडा पुसून खोबरेल तेलाचं बोट.

राईनकाठी

डावखुऱ्यांसाठी टीना पाहा. जर्मनीतल्या रॉयटलिंगेनचा जुना कारखाना आहे, १८५४ पासूनचा, कलमाचे आणि डोळा भरायचे चाकू हीच त्यांची ओळख. कार्बन पोलाद, एका बाजूला धार, डाव्या हाताचेही मिळतात. गंजतो, पण धारेला तोड नाही, असं इथले गुलाबवाले सांगतात. दिवाळीत येणार आहे, पण तुमचा हंगाम तोवर संपेल. माझा भाऊ पुढच्या आठवड्यात चिपळूणला येतोय, त्याच्याबरोबर पाठवू का?

डोंगरभटक्या

ओपिनेल कुणी सुचवण्याआधी मीच सांगतो. फ्रान्सच्या साव्होआ प्रांतातला, १८९० पासूनचा, बीचच्या लाकडाची मूठ, फिरती कडी, सुंदर आणि स्वस्त. पण कोकणात जुलैमध्ये माझ्या ओपिनेलचं लाकूड असं फुगलं, की पातं उघडेना. माचाळला पावसात दगडावर मूठ आपटून उघडला. घेतलाच तर मूठ जवसाच्या तेलात मुरवून घ्या.

कलमवाली_लांजा

@राईनकाठी, ओळख ना पाळख, आणि भावाकडून पाठवते म्हणालात! पैसे आधी घ्यायचे या अटीवर हो. एक डाव्या हाताचा, एक उजव्या. बाकी दोन स्विस कलमाचे चाकू मुंबईतून मागवले, एका बाजूची धार बघूनच.

काका, मोडका आणि मऊ असे दोन्ही चाकू एसटी पार्सलने भोसरीला पाठवतेय. तुम्हीच नीट बघून सांगा.

कलमवाली_लांजा

(अडीच आठवड्यांनी) चारही आले. पुतणीने पहिल्या सकाळी नवा चाकू घेतला, काडीवर एक ओढ दिली आणि पाचर मला दाखवायला घेऊन आली. काप ओला, सपाट, त्यावर मांडवाच्या छताचा उजेड दिसत होता. आतापर्यंत ती दोन ओढींत पाचर करायची, आम्हाला वाटायचं तिचा हात कच्चा आहे. हात कच्चा नव्हता, चाकू उलटा होता. पोरगी दिवसभर कुणाशी बोलली नाही, नुसती कलमं बांधत होती. संध्याकाळी मोजली तर एकशे ऐंशी.

स्विसला शंभर कापांनंतर चामड्यावर चार हात द्यावे लागतात, टीनाला दुपारपर्यंत काही लागत नाही. पण टीना पुसायला विसरलं की लगेच डाग. पावसाळ्यात कामगारांच्या हातात स्विस बरा, माझ्या आणि पुतणीच्या हातात टीना.

भट्टीवाले_काका

ताई, पार्सल मिळालं. जुन्या कंपनीतल्या मित्राच्या प्रयोगशाळेत दोन्ही पाती मोजून आणली. रॉकवेलवर, म्हणजे कडकपणाच्या मापावर, मऊ चाकू ४९ आणि टोक मोडलेला ६२. एकाच खोक्यातले, एकाच छापाचे दोन चाकू, आणि तेरा अंकांचा फरक! स्विस चाकू ५६ च्या आसपास असतो आणि दुसऱ्या दिवशी बनलेलाही तिथेच असतो.

आता खरी गोष्ट ऐका. पोलादाची तपासणीही केली. कार्बन अर्धा टक्का, क्रोमियम चौदाच्या जवळ. म्हणजे स्विस लोक जे वापरतात, त्याच्या सख्ख्या चुलत भावासारखं पोलाद आहे, फक्त मॉलिब्डेनम नावापुरतं. माल वाईट नव्हता. कुणीतरी भट्टीजवळ उभं राहायला हवं होतं, ते नव्हतं.

मऊ चाकू फेकू नका. मूठ काढून पातं पुन्हा १०४० ला तापवतो, नीट शेकतो, ५६-५७ ला आणून देतो. धारेचा उतार एका बाजूने करून घ्यायचं काम मात्र मिरजेच्या मंडळींचं.

शिकलगारांचा_नातू

काका, पाणी देऊन झालं की पातं सरळ मिरजेला टाका. उजव्या हाताचं करायचं की डाव्या, तेवढं ताईंनी सांगावं.

कलमवाली_लांजा

डाव्या. पुतणीची धाकटी बहीण पण डावखुरीच आहे, पुढच्या मिरगाला तीही बसणार म्हणतेय.